फोन कधी वाजवावा : ॲपमधील नोटिफिकेशनचे नियंत्रण सोपे करण्याची पद्धत

पुण्यातील एका गृहनिर्माण संस्थेसाठी आम्ही काही वर्षांपूर्वी ॲप तयार केले, तेव्हा त्याच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनसाठी सतरा स्विच ठेवले होते. फाटकावर पाहुणा आला, पार्सल आले, गाडी आत शिरली, देखभाल शुल्काचे बिल निघाले, ते भरले गेले, तक्रार नोंदली गेली, तक्रारीची स्थिती बदलली, क्लब हाउसचे आरक्षण पक्के झाले, अशा प्रत्येक घटनेला एकेक स्विच होता आणि रहिवाशांना एवढी मोकळीक दिल्याबद्दल आम्ही स्वतःवर खूश होतो. एका बुधवारी संध्याकाळी समितीने दुसऱ्या दिवशी पाणी बंद राहणार असल्याचे कळवले. गुरुवारी सकाळी कोरड्या नळांपुढे उभ्या राहिलेल्यांपैकी अनेकांनी तो संदेश पाहिलाच नव्हता, कारण पार्सलांच्या किणकिणाटाला कंटाळून त्यांनी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन आमच्या ॲपचे तोंडच बंद करून टाकले होते. सतरा स्विचच्या पानापर्यंत त्यांच्यातील जवळजवळ कोणीही पोहोचले नव्हते.

ते पान आम्ही पुढे दोनदा नव्याने बांधले. पहिल्या वेळी फक्त स्विचांची मांडणी बदलली आणि काहीही फरक पडला नाही. कोणता संदेश फोन वाजवण्याच्या लायकीचा आहे, हे आम्ही कधी ठरवलेच नव्हते. ते ठरवण्याचे काम आम्ही सतरा तुकडे करून रहिवाशांच्या गळ्यात टाकले होते. त्यामुळे दुसऱ्या वेळी सेटिंगचे पान बाजूला ठेवून संदेशांपासून सुरुवात केली. खाली दिलेली पद्धत त्याच क्रमाने मांडली आहे. उदाहरण सोसायटीच्या ॲपचे असले, तरी शाळा, दवाखाना, पतसंस्था किंवा दूध संकलन केंद्र यांच्यासाठी ॲप तयार करणाऱ्यांनाही ती फारसा बदल न करता वापरता येईल.

आधी संदेशांची यादी

ॲप आजघडीला पाठवत असलेला प्रत्येक संदेश एका तक्त्यात लिहून काढावा. हे काम आठवणीने करू नये. सर्व्हरवरील नोंदींतून गेल्या महिन्याभरात खरोखर गेलेले संदेश काढावेत, कारण कोणीतरी कधीतरी चाचणीसाठी सुरू केलेले आणि नंतर विसरलेले एक-दोन प्रकार त्यांत हमखास सापडतात. प्रत्येक प्रकारापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: हा संदेश मिळाल्यावर कोणी काय करायचे आहे, किती वेळात करायचे आहे, आणि हे आत्ता न कळल्यास काय बिघडेल. तिसऱ्या रकान्यात “काही नाही” असे लिहावे लागले, तर तो संदेश फोन वाजवण्यासाठी नाही, एवढे तिथेच नक्की करावे.

आमच्या यादीचे उदाहरण पाहावे. फाटकावर पाहुणा उभा असेल, तर घरातील कोणीतरी एक-दोन मिनिटांत होकार द्यायला हवा, नाहीतर माणूस उन्हात ताटकळतो; हा संदेश निःसंशय वाजला पाहिजे. पार्सल रखवालदाराने घेऊन कपाटात ठेवले असेल, तर संध्याकाळपर्यंत काहीही बिघडत नाही. ते शांतपणे दिसले तरी पुरे. पाणी बंद राहणार असल्यास ते आदल्या रात्री, भांडी भरून ठेवता येतील इतक्या वेळेत कळले पाहिजे. ते पहाटे पाच वाजता कळवून उपयोग नाही. बिल भरले गेल्याची पोच बँकेच्या एसएमएसने आलेलीच असते, म्हणून आमच्या ॲपने तीच गोष्ट पुन्हा सांगण्याची गरज नव्हती. पावती ॲपमध्ये ठेवली आणि संदेश काढून टाकला. लिफ्ट अडकल्याचा संदेश सर्व रहिवाशांना जात होता, पण त्यावर कृती करणारे फक्त दोघे होते, लिफ्टचा कारागीर आणि समितीतील जबाबदार सभासद. बाकीच्यांना लिफ्ट बंद आहे एवढी माहिती पुरेशी होती. आगीच्या बाबतीत मात्र आम्ही एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवली, की फोनवरील संदेश हा भोंग्याला पर्याय नाही, आणि त्याच्या भरवशावर भोंग्याची दुरुस्ती लांबणीवर टाकू नये.

हा प्रश्न मोबाइलपेक्षा जुना आहे आणि त्याचे सर्वांत कठोर धडे कारखान्यांच्या नियंत्रण कक्षांत मिळालेले आहेत. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. त्याआधीच्या शेवटच्या सुमारे अकरा मिनिटांत तेथील दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म येऊन आदळले होते. अलार्म फार होते आणि त्यांचा अग्रक्रम नीट लावलेला नव्हता, असा ठपका सरकारी चौकशीने ठेवला. पुढे १९९९ मध्ये ईमुआ या ब्रिटिश अभियांत्रिकी संघटनेने अलार्म व्यवस्थेसाठी १९१ क्रमांकाची मार्गदर्शिका काढली. तिच्यातील दोन गोष्टी ॲप बनवणाऱ्याने जशाच्या तशा उचलाव्यात. ज्यावर माणसाने काही कृती करायची नाही, तो अलार्मच नव्हे, ही पहिली. दुसरी गोष्ट प्रमाणाची: एकूण अलार्मपैकी साधारण ८० टक्के खालच्या, १५ टक्के मधल्या आणि केवळ ५ टक्के वरच्या अग्रक्रमाचे असावेत. पगार घेऊन पडद्यासमोर बसलेल्या प्रशिक्षित ऑपरेटरासाठीसुद्धा दहा मिनिटांत सरासरी एकाहून कमी अलार्म हे प्रमाण योग्य मानले जाते. भाजी चिरता चिरता फोनकडे पाहणाऱ्या माणसाकडून आपण किती अपेक्षा करावी, याचा अंदाज त्यावरून बांधता येईल.

छाननीनंतर आमच्याकडे चार गट उरले: फाटक; पाणी, वीज आणि लिफ्ट; पैसे; आणि बाकीचे सर्व. गट पाडताना कार्यालयाच्या विभागांप्रमाणे पाडू नयेत. “प्रशासन”, “लेखा”, “सुरक्षा” ही विभागणी समितीच्या सोयीची असते. रहिवासी मात्र “पाण्याचे कळले पाहिजे, पार्सलाचे नको” असा विचार करतो. त्याच्या तोंडी जी विभागणी येते, तीच स्वीकारावी.

फोनने दिलेली साधने

गट ठरल्यावर ते फोनच्या यंत्रणेशी जोडावे लागतात, आणि येथे स्वतःचे नवे यंत्र उभारण्याचा मोह टाळावा. अँड्रॉइडमध्ये २०१७ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीपासून नोटिफिकेशन चॅनलची, म्हणजे एका ॲपचे संदेश वेगवेगळ्या गटांत विभागण्याची सोय आहे. प्रत्येक चॅनलला चारपैकी एक पातळी देता येते: आवाज करून पडद्यावर डोकावणारे, फक्त आवाज करणारे, आवाज न करता दिसणारे, आणि वरच्या पट्टीत चिन्हसुद्धा न दाखवता यादीत गुपचूप बसणारे. वापरणाऱ्याला फोनच्याच सेटिंगमध्ये प्रत्येक चॅनलची पातळी बदलता येते. आपल्या चार गटांचे चार चॅनल करावेत, म्हणजे ॲपमधील पान आणि फोनमधील पान एकच गोष्ट सांगतील.

येथे एक खाच आहे आणि ती आम्हाला चांगलीच महाग पडली. चॅनल एकदा तयार झाला की ॲपला त्याची पातळी पुन्हा वाढवता येत नाही. तो अधिकार फोनच्या मालकाचा असतो. आम्ही पाण्याचा चॅनल सुरुवातीला “आवाज न करता दिसणारा” असा बनवून बसलो होतो. तो पुसून त्याच ओळखीने (म्हणजे आयडीने) पुन्हा तयार केला, तर जुन्याच सेटिंगसह परत आला, आणि नव्या ओळखीने तयार केल्यास किती चॅनल पुसले गेले आहेत याची नोंद फोनच्या सेटिंगमध्ये दिसते. ही व्यवस्था आगाऊ ॲपना आवर घालण्यासाठी केलेली आहे आणि माझ्या मते ती योग्यच आहे, परंतु त्यामुळे पहिली पातळी ठरवताना घाई करून चालत नाही. ती यादीच्या तिसऱ्या रकान्यावरूनच ठरवावी.

आयफोनमध्ये २०२१ च्या पंधराव्या आवृत्तीपासून अशाच चार पायऱ्या आहेत. सर्वांत खालची पायरी पडदा उजळत नाही आणि आवाजही करत नाही; दुसरी नेहमीसारखी वाजते; तिसरी, म्हणजे वेळेशी बांधलेली पायरी, माणसाने फोकस (व्यत्यय नको म्हणून संदेश अडवणारी सोय) लावलेला असतानाही त्याच्यापर्यंत पोहोचू शकते; आणि सर्वांत वरची आणीबाणीची पायरी फोन सायलेंट असला तरी वाजते, मात्र तिच्यासाठी ॲपलची विशेष परवानगी घ्यावी लागते. फाटकावरचा पाहुणा तिसऱ्या पायरीवर ठेवणे समर्थनीय आहे. गणेशोत्सवाच्या वर्गणीची आठवण त्या पायरीवर ठेवणाऱ्या ॲपला माणसे एकदा माफ करतील, दुसऱ्यांदा नाही.

याच आवृत्तीत ठरावीक वेळी एकत्र गोषवारा देण्याची सोय आली. ज्या फोनवर ती नाही, तेथे “बाकीचे सर्व” या गटातील संदेश सर्व्हरवरच साठवून संध्याकाळी एकदा, एकाच ओळीत पाठवावेत: “आज ३ पार्सले, १ तक्रार मिटली.” वेळ कोणती ठेवावी हा वादाचा विषय ठरू शकतो, आमच्याकडे सात वाजता ठेवल्यावर पार्सलाचे कपाट रात्रीच्या जेवणाआधी रिकामे होऊ लागले, म्हणून ती वेळ कायम राहिली.

दोन तांत्रिक बाबींकडे सहसा दुर्लक्ष होते. पहिली बाब संदेशाच्या आयुष्याची आहे. फायरबेस क्लाउड मेसेजिंग या, ॲपचे संदेश फोनपर्यंत पोहोचवणाऱ्या गूगलच्या सेवेतून पाठवलेला संदेश फोन बंद असल्यास राखून ठेवला जातो, आणि वेगळे काही सांगितले नाही तर ही मुदत चार आठवड्यांची असते. त्यामुळे गावाहून परतलेल्या माणसाने फोन चालू करताच गेल्या आठवड्यातील डिलिव्हरीवाले एकामागोमाग एक फाटकावर हजर होतात. पाहुण्याच्या संदेशाचे आयुष्य पाच मिनिटांचे, पाण्याच्या संदेशाचे पाणी परत येईपर्यंतचे, अशी मुदत प्रत्येक प्रकाराला घालून द्यावी. फोनवर आधीच दिसत असलेला शिळा संदेश ठरावीक वेळेनंतर आपोआप मिटण्याची सोयही अँड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीपासून आहे, ती वापरावी.

दुसरी बाब पुनरुक्तीची. एकाच तक्रारीची स्थिती चारदा बदलली, तर चार संदेशांची चळत न रचता जुन्याच्या जागी नवा यायला हवा, आणि त्यासाठी दोन्ही यंत्रणांत संदेशाला एक समान ओळख देता येते. एका घरात चार फोन असतील आणि पाहुण्याला आजोबांनी होकार दिला, तर उरलेल्या तिन्ही फोनवरील संदेश त्याच क्षणी नाहीसा झाला पाहिजे. हे केले नाही, तर चौघेही फाटकावर फोन करतात आणि रखवालदार वैतागतो.

परवानगी केव्हा मागावी

अँड्रॉइडमध्ये २०२२ च्या तेराव्या आवृत्तीपासून नोटिफिकेशनसाठी वेगळी परवानगी घ्यावी लागते. आयफोनवर ती पूर्वीपासूनच घ्यावी लागते. ॲप उघडताच ही चौकट समोर टाकू नये. माणसाला ॲपचा उपयोग अजून कळलेला नसतो, त्यामुळे तो सवयीने नकार देतो, आणि नकार मिळाल्यावर ती चौकट वारंवार दाखवता येत नाही. रहिवाशाने पहिल्यांदा पाहुण्याचे नाव आगाऊ नोंदवले, की त्याच वेळी “पाहुणे फाटकावर आल्यावर फोन वाजवू का?” असे विचारावे. संकेतस्थळांच्या बाबतीत हा मोह इतका बोकाळला होता, की २०२० च्या सुरुवातीला फायरफॉक्स आणि क्रोम या दोन्ही ब्राउझरांनी अशा चौकटी दबक्या स्वरूपात दाखवण्याची व्यवस्था केली.

शब्द आणि वाक्यरचना

मराठी ॲपमध्ये नोटिफिकेशनचे नियंत्रण अवघड वाटण्याचे निम्मे कारण भाषेत असते, म्हणून या भागाला मी इतरांपेक्षा जास्त वेळ देतो.

आमच्या पहिल्या पानाचे शीर्षक “सूचना” असे होते. मराठीत सूचना म्हणजे फलकावरची नोटीस, सूचना म्हणजे शिक्षकांनी दिलेली आज्ञा, आणि सूचना म्हणजे आपण एखाद्याला केलेली शिफारससुद्धा. परिणामी काही ज्येष्ठ सभासदांनी त्या पानाला सूचनापेटी समजून, उद्यानातील बाकांना रंग द्यावा अशी लेखी मागणी कोठे टाइप करायची, हे विचारण्यासाठी कार्यालयात फेऱ्या मारल्या. दोष अर्थातच त्यांचा नव्हता. आता त्या पानाचे शीर्षक “फोनवर काय कळवावे?” असे आहे आणि तो प्रश्न थांबला आहे.

“नोटिफिकेशन चॅनल व्यवस्थापित करा” हे वाक्य कोणत्याही मराठी घरात कोणी कधी उच्चारलेले नाही. चॅनल म्हटले की टीव्ही आठवतो, आणि “व्यवस्थापित करा” हा शब्दप्रयोग सॉफ्टवेअरच्या भाषांतरातच भेटतो. अग्रक्रमासाठी “उच्च, मध्यम, निम्न” असे पर्याय दिले, तर माणसाला त्यातून काय होणार हे कळत नाही. फोनचे काय होईल तेच लिहावे. आमच्या पानावर प्रत्येक गटासमोर तीनच पर्याय आहेत: “वाजवून कळवा”, “न वाजवता दाखवा” आणि “फोनवर दाखवू नका”. तिसऱ्या पर्यायाखाली बारीक अक्षरांत “ॲप उघडल्यावर दिसेल” अशी ओळ आहे, कारण संदेश कायमचा हरवेल ही भीती नसेल तर माणूस तो पर्याय मोकळेपणाने निवडतो.

नकारार्थी नाव असलेला स्विच कधीही ठेवू नये. “आवाज बंद ठेवा” या शब्दांपुढील स्विच चालू असेल, तर आवाज बंद आहे की चालू, हे लावण्यासाठी शिकलेल्या माणसालाही दोनदा थांबावे लागते.

खुद्द संदेशाच्या बाबतीत मराठीची एक अडचण आहे, जी इंग्रजी नमुन्यांवरून काम करणाऱ्याच्या लक्षात येत नाही. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, आणि लॉक स्क्रीनवर वाक्याचा शेवटच कापला जातो. समितीने पाठवलेला मूळ मजकूर असा होता: “सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की, महानगरपालिकेच्या जलकेंद्रातील देखभाल-दुरुस्तीच्या कामामुळे येत्या गुरुवारी संपूर्ण दिवस पाणीपुरवठा बंद राहणार असून शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल.” पुणेकरांना हे वाक्य तोंडपाठ असते. परंतु लॉक स्क्रीनवर त्यातील “सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की, महानगरपालिकेच्या” एवढेच दिसत होते, आणि तेवढ्यावरून पाणी जाणार आहे की मालमत्ता कराची मुदत संपत आहे, हे ओळखणे कोणालाही शक्य नव्हते.

म्हणून काय घडणार ते पहिल्या दोन शब्दांत, केव्हा ते त्यानंतर, आणि कारण सर्वांत शेवटी, हा क्रम पाळावा: “पाणी बंद: गुरुवार दिवसभर. शुक्रवारी सकाळी उशिरा, कमी दाबाने.” सन्माननीय हा शब्द गेला म्हणून समितीतील एका सभासदांनी बैठकीत नाराजी व्यक्त केली; त्यांचा मुद्दा अगदीच गैर नव्हता, म्हणून ॲप उघडल्यावर दिसणाऱ्या पूर्ण मजकुरात तो शब्द आम्ही परत ठेवला. “उद्या” हा शब्दही टाळावा. रात्री साडेबाराला संदेश पाहणाऱ्याचा उद्या वेगळा असतो. वार आणि तारीख लिहिली की घोटाळा होत नाही.

ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना एसएमएस जातो, आणि तेथे शब्दांची काटकसर पैशांशी जोडलेली असते. रोमन लिपीतील एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात. देवनागरीत ही मर्यादा ७० वर येते, आणि मजकूर त्याहून लांबला तर ६७-६७ चे तुकडे होऊन प्रत्येक तुकड्याचे पैसे लागतात. शिवाय मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातील हलन्त ही सर्व चिन्हे स्वतंत्र मोजली जातात, त्यामुळे “स्त्री” हे आपल्या डोळ्यांना एकच अक्षर दिसले तरी हिशेबात ते सहा ठरते. वरील छोटा संदेश मोजल्यास बरोबर ६० चिन्हांचा भरतो आणि उरलेल्या दहांत तारीखही बसते. भारतात व्यावसायिक एसएमएसचा मजकूर साचा म्हणून आधी नोंदवून घ्यावा लागतो, त्यामुळे ही मोजणी पाठवायच्या दिवशी नव्हे, साचा नोंदवताना करावी.

नियंत्रण हाताशी असावे

सेटिंगचे पान कितीही सोपे केले, तरी माणसाला राग येतो तो संदेश समोर आल्यावर, आणि बदल करण्याची इच्छाही त्याच क्षणी होते. म्हणून संदेशाखालीच एक बटण द्यावे: पार्सलाच्या संदेशाखाली “असे संदेश वाजवू नका”. ते दाबल्यावर तेथेच “ठीक. पार्सले आता न वाजता दिसतील” असे उत्तर यावे आणि शेजारी “पुन्हा वाजवा” हा पर्याय काही क्षण राहावा. आमच्याकडे या एका बटणाने जे साधले, ते पूर्ण पानाच्या दुसऱ्या बांधणीने साधले नाही, असे मी प्रामाणिकपणे सांगू शकतो.

तात्पुरत्या शांततेला नेहमी शेवट असावा. घरात बाळ झोपले आहे, कोणाची परीक्षा आहे, कोणी रात्रपाळी करून दुपारी झोपतो. अशा वेळी “दोन तास” आणि “उद्या सकाळी सातपर्यंत” हे दोन पर्याय बहुतेकांना पुरतात. शेवट नसलेली शांतता माणूस लावतो आणि विसरतो, आणि मग पाणी जाते.

ॲपमधील पान आणि फोनचे सेटिंग यांत तफावत पडू देऊ नये. फोनमध्येच ॲपचे तोंड बंद केलेले असताना ॲपच्या पानावर “पाणी: वाजवून कळवा” असे ऐटीत दिसत राहणे ही शुद्ध फसवणूक आहे. पान उघडताना फोनची खरी स्थिती तपासावी आणि बंद असल्यास वर एकच ओळ दाखवावी: “तुमच्या फोनने या ॲपला गप्प केले आहे. येथे दाबून बदलता येईल.” त्या ओळीवर दाबताच फोनचे नेमके तेच पान उघडावे, सेटिंगची सगळी गुहा नव्हे.

पैशांच्या गटाबाबत आणखी एक काळजी घ्यावी. थकबाकीचा आकडा लॉक स्क्रीनवर दिसू देऊ नये. टेबलावर पडलेला फोन पाहुण्यांसमोर उजळतो आणि “३ महिन्यांची थकबाकी” हे शब्द साऱ्यांना वाचता येतात. लॉक असताना केवळ “सोसायटीच्या खात्याविषयी” एवढेच दिसावे. मजकूर लपवण्याची ही सोय अँड्रॉइड आणि आयफोन या दोहोंत आहे.

पाठवणाऱ्याची बाजू

आतापर्यंत घेणाऱ्याचा विचार झाला. गोंधळ मात्र बहुधा पाठवणाऱ्याच्या पडद्यावर जन्म घेतो. आमच्या जुन्या ॲपमध्ये समितीच्या सचिवांना मजकुराची एक चौकट आणि “सर्वांना पाठवा” असे लाल बटण, एवढेच दिलेले होते. एवढे हातात आल्यावर योगवर्गाची वेळ बदलल्याची बातमीही सर्वांना वाजवून जाणार, हे उघड आहे.

नव्या पडद्यावर आधी गट निवडावा लागतो. मग ॲप तोच प्रश्न विचारते जो आम्ही यादी करताना स्वतःला विचारला होता: “हे आत्ता न कळल्यास काय बिघडेल?” त्याचे एका ओळीत उत्तर लिहिल्याशिवाय “वाजवून कळवा” हा पर्याय खुला होत नाही, आणि ते उत्तर नोंदीत राहते. पाठवण्यापूर्वी किती फोन वाजतील याचा आकडा मोठ्या अक्षरांत दिसतो आणि लॉक स्क्रीनवर मजकूर कोठे कापला जाईल याचे हुबेहूब चित्र दिसते. रात्री दहा ते सकाळी सात या वेळेत वाजणारा संदेश पाठवायचा असेल, तर दुसऱ्या एका सभासदाची संमती लागते. हा शेवटचा नियम काहींना जाचक वाटला. टाकी फुटल्याच्या रात्री दुसऱ्या सभासदाने झोपेतून उठून संमती देईपर्यंत वेळ गेला, तेव्हापासून पाणी आणि वीज या गटाला आम्ही त्यातून वगळले आहे.

तपासणी

पडदा तयार झाल्यावर पाच-सहा जणांना एकेकटे बसवून काम सांगावे: “पार्सलाचे वाजणे बंद करा, पाण्याचे चालू राहू द्या.” त्याहून अधिक काही सांगू नये, बोट दाखवू नये आणि मध्ये बोलू नये, बनवणाऱ्याला हे गप्प बसणे फार जड जाते. निवडलेल्यांत किमान एक जण चष्मा लावून मोठ्या अक्षरांत फोन वाचणारा असावा, कारण फोनची अक्षरे मोठी केल्यावर “न वाजवता दाखवा” यातील “न” एका ओळीत आणि उरलेले शब्द दुसऱ्या ओळीत जाऊन अर्थ उलटतो. आमच्याकडे हे घडले होते आणि ते शोधून काढले एका निवृत्त मुद्रितशोधकांनी. तेव्हापासून “न” आणि “वाजवता” यांच्यामध्ये न तुटणारी मोकळी जागा वापरतो.

काही फोन बॅटरी वाचवण्यासाठी ॲपना पार्श्वभूमीवर झोपवतात, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे निदान तीन-चार स्वस्त फोन हाती घेऊन पाहुण्याचा संदेश प्रत्यक्ष किती सेकंदांत वाजतो, हे फाटकावर उभे राहूनच तपासावे. कार्यालयातील चार्जरवर लावलेल्या फोनवर सर्व काही नेहमीच व्यवस्थित चालते.

ॲप सुरू झाल्यावर संदेश किती जणांनी उघडला हे मोजण्यात फारसा अर्थ नाही. “पाणी बंद: गुरुवार” हे वाचून ज्याने फोन खिशात ठेवला आणि बादल्या भरल्या, त्याने संदेश उघडलाच नाही. त्याऐवजी कोणत्या गटाला किती जणांनी “फोनवर दाखवू नका” केले आणि किती फोनवर ॲप पूर्ण गप्प आहे, हे दर महिन्याला पाहावे. एखाद्या गटाचा आकडा वाढू लागला, तर त्या महिन्यात त्या गटातून काय गेले त्याची नोंद काढून पाठवणाऱ्यापुढे ठेवावी. नवा प्रकार यादीत घालायचा असेल, तर तो आधी तीन रकाने भरून बैठकीत यावा. गेल्या बैठकीत क्लब हाउसच्या आरक्षणाची आठवण वाजवून द्यावी असा प्रस्ताव आला होता. तिसऱ्या रकान्यात काय लिहावे यावर बरीच चर्चा झाली, आणि तो प्रकार अखेर संध्याकाळी सातच्या गोषवाऱ्यात गेला.